पिंपाचं वजन

१२ जानेवारी, रविवार

दुपारी साडेतीनला चौथं पिंप भरलं. पहिली तीन शिकण्यात गेली आणि त्यांची कुठं नोंद ठेवली नाही. एकतीस वर्षं वालचंदनगरला कारखान्याच्या तपासणी विभागात काढली, नोंद केल्याशिवाय एक बोल्ट पुढं जाऊ दिला नाही, आणि घरच्या बिअरच्या बाबतीत असा आंधळा कारभार. म्हणून ही वही.

पिंप साधंच आहे. हॉटेलांना थंड पेयांचा पाक ज्यातून जायचा तसलं स्टीलचं जुनं पिंप, पुण्यातल्या भंगारवाल्याकडून आणलेलं. वर लांबट झाकण, झाकणाला रबरी रिंग, एक नळी गॅसची आणि एक तोटी. रिकामं सव्वाचार किलो भरतं, आज भरून सव्वाबावीस झालं. म्हणजे अठरा लिटर. ढोबळी मिरची तोलायचा काटा शेडमध्येच असल्यामुळे वजनात कुणाला फसवता येणार नाही. जुन्या फ्रिजचे कप्पे काढून पिंप आत उभं केलंय. कार्बन डायऑक्साइडची टाकी लहान आहे, म्हणून गॅस सतत जोडून ठेवत नाही, दोन दिवसांतून एकदा भरतो.

प्रश्न ताजेपणाचा आहे. कारखान्यातला माझा जुना सहकारी इंद्रजित भिगवणजवळ हॉटेल काढतोय, बिअर तिथंच बनवायचा रीतसर परवाना घेऊन. ९ फेब्रुवारीला तो चव बघायला येणार. चार आठवड्यांनी ही बिअर आजच्यासारखी लागली, तर त्याच्याकडचं तपासणीचं काम माझं. निवृत्त होऊन दहा महिने झाले. इथं कन्हेरीच्या शेतात मला कुणी काही विचारत नाही, ते सगळं दादाचं राज्य.

दादाचं मात्र लिहून ठेवायला हवं. अजितदादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. अकरा वर्षं प्यायला, तीन वर्षांपूर्वी दवाखान्यातून मरता मरता परत आला आणि तेव्हापासून त्यानं थेंब घेतलेला नाही. पुन्हा हात लावला तर या घरात त्याला जागा नाही, हे आईसमोर ठरलंय. ठरवलं मीच. शेडमध्ये पिंप ठेवायला माझ्या बायकोचा, माधवीचा, विरोध होता. एक तर परवाना नाही, आणि त्यात दादा घरात. मी म्हटलं, एकसष्ट वर्षांच्या माणसाला काय कुलपात ठेवायचं?

पहिला नमुना घेतला, पाव लिटर. रंग मधासारखा, फेस दोन बोटं, वास स्वच्छ. गूळ घातल्यामुळे अंगात चांगला जोर आहे. फार गार असल्यानं चव नीट कळली नाही, म्हणून दुसरा पेला थोडा तापू देऊन घेतला. तो तुलनेसाठी, नमुन्यात धरत नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

वजन वीस किलो. म्हणजे सव्वादोन लिटर कमी. माझा रोजचा एक नमुना धरला तर पाच दिवसांचं सव्वा लिटर. उरलेलं लिटरभर गेलं कुठं? मनात पाल चुकचुकली. लगेच कुणाचं नाव घेणार नाही, तपासणी करणाऱ्यानं आधी पुरावा बघावा. पण शेडची चावी खिळ्याला असते आणि तो खिळा घरात सगळ्यांना माहीत आहे.

नमुना उत्तम. संध्याकाळी खात्री करायला आणखी एक घेतला.

१८ जानेवारी, शनिवार

दोन दिवस नजर ठेवून आहे. संध्याकाळी सहाच्या सुमाराला दादा शेडमध्ये येतो आणि मिरचीच्या क्रेटवर बसून राहतो. काम काही नसतं. मी आत गेलो की वर बघतो, मी तोटी सोडली की खाली बघतो. ज्याच्या मनात काही नाही तो असा बसेल का? आज मुद्दाम जवळ जाऊन उभा राहिलो. तोंडाला वेलदोड्याचा वास. प्यायचा तेव्हाही वेलदोडा चघळायचा, हे मी विसरलेलो नाही.

माधवीला सांगितलं. तिला धक्का बसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, आज तरी जेवून घ्या, काल ताट झाकून ठेवलं होतं ते तसंच राहिलं. काल मी जेवलो होतो. बहुतेक जेवलो होतो. ती विषय का बदलते हे मला कळत नाही असं तिला वाटत असेल.

२० जानेवारी, सोमवार

वजन अठरा. आज दादानं स्वतःहून तोंड उघडलं. मी संध्याकाळचा नमुना घेत होतो. तो म्हणाला, "ज्ञाना, जितक्यांदा तोटी सोडशील तितक्यांदा दाब उतरनार. दाब उतरला की झाकान सैल पडतं आन हवा आत शिरती. मग शिळी व्हनारच की."

मी विचारलं, तुला रे हे कसं माहीत. म्हणाला, फवारणीच्या पंपाचं असंच असतं. उत्तर तयारच होतं. पिंपाच्या झाकणाचा इतका बारकाईनं विचार करायचं त्याला कारण काय? मला तोटीपासून लांब ठेवायचं, एवढंच ना. म्हणजे मग मैदान मोकळं.

त्याचं बोलणं मात्र तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. रिंग दाबानंच बसते. म्हणून आज दोन्ही नमुने लागोपाठ घेतले, म्हणजे तोटी एकदाच सोडल्यासारखं झालं. तिसरा उरलेल्या फेसाचा होता.

२३ जानेवारी, गुरुवार

सव्वासोळा. फ्रिजच्या मुठीला काळा दोरा बांधला होता आणि शेडच्या उंबऱ्याच्या आत रांगोळीची पूड भुरभुरवली होती. सकाळी दोरा जसाच्या तसा, पुडीवर एकच पाऊल, ते माझं. तरी वजन कमी. म्हणजे दादानं दोरा सोडून पुन्हा तसाच बांधला. त्याच्या हाताला गाठी मारायची सवय आहे, रोज मिरचीची झाडं दोरीला बांधतो तो. पावलाचं काय केलं ते अजून लक्षात येत नाही, पण इतकी वर्षं घरातल्यांना फसवलेला माणूस आहे, त्याला काय अवघड.

आईला विचारलं, दादा रात्री उठतो का. ऐंशीच्या पुढं गेली तरी तिची झोप सावध असते. ती म्हणाली, "उठतू की. तुज्या खोलीतला दिवा चालू हाय का बघतू आन जातू परत." बघा. मी झोपलोय का हे आधी पाहून घेतो. याहून स्पष्ट पुरावा कुठला हवा?

२५ जानेवारी, शनिवार

बारामतीला जाऊन टाकी भरून आणली आणि शेडसाठी नवं पितळी कुलूप घेतलं. एकच चावी ठेवली, दुसरी विहिरीत टाकली. चावी आता माझ्या करदोट्याला.

येताना पिंपळीच्या अलीकडं गाडी घसरली. रस्त्यावर खडी होती. गुडघा सोलवटला, आरसा गेला. दुपारचे तीन, रस्ता रिकामा, दोष सगळा त्या खडीचा. निघण्याआधी नमुना घेतला होता, पण त्याचा खडीशी काय संबंध. घरी आल्यावर माधवीनं जखम धुतली आणि गाडीची किल्ली घेऊन गेली. कुठं ठेवली ते सांगत नाही. दादाशी ओट्यावर उभी राहून काहीतरी बोलत होती, मी दिसताच दोघं गप्प झाले. माझ्याच घरात माझ्याविरुद्ध बैठका चालल्यात.

२६ जानेवारी, रविवार

सव्वाचौदा. काल कुलूप घातलं तेव्हा वजन केलं नव्हतं ही माझी चूक, पण आता सहनशक्ती संपली. सकाळी सगळे ओसरीवर चहाला बसले असताना मी वही घेऊन गेलो आणि आकडे वाचून दाखवले. तारीख, वजन, घट. मग दादाला विचारलं, हे कुणी प्यायलं.

दादानं चहा खाली ठेवला. मला वाटलं भांडेल. तो आईकडे बघत राहिला. मी म्हटलं, तिच्याकडे काय बघतोस, ठरलंय काय ते तुला माहीत आहे. पुन्हा हात लावला तर या घरात जागा नाही. हे मी म्हणालो तेव्हा आई दादाकडे बघत नव्हती. ती सगळा वेळ माझ्याकडेच बघत होती. म्हातारी माणसं मोठ्या लेकाला पाठीशी घालतात, हे मला नवीन नाही.

दादा म्हणाला, बरं. एवढंच. आमची बहीण संजीवनी इंदापूर तालुक्यात दिलीय, तिच्याकडं केळीची काढणी सुरू आहे, तिकडं जातो म्हणाला. पिशवी भरली. निघताना माझ्यापाशी थांबला.

"वजन रोज लिव्ह. एक दिस चुकवू नगं. आन किल्ली कुणाकडं दिऊ नगं, माधवीकडंबी न्हाय."

आता मला शिकवतोय. एसटी येईपर्यंत माधवी त्याच्याबरोबर फाट्यावर उभी होती. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. मला वाईट वाटलं नाही असं नाही. लहानपणी त्यानं मला पाठीवर बसवून शाळेत नेलंय. पण नियम तो नियम.

घर शांत झालं. नमुने तीन, एक दादाच्या वाटचं वाईट वाटलं म्हणून.

२८ जानेवारी, मंगळवार

बारा किलो.

पुन्हा तोललं. बारा. दादा इंदापूरकडं, चावी माझ्या कमरेला, कुलूप शाबूत. दोन दिवसांत सव्वादोन लिटर.

आधी काटा तपासला. पाच किलोची साखरेची पिशवी ठेवली, बरोबर पाच. मग गळती. साबणाचं पाणी करून झाकण, तोटी, नळीचे सांधे सगळीकडं ब्रशनं लावलं. झाकणापाशी दोन बारीक बुडबुडे आले, ते दाब कमी असल्यामुळे, गॅस भरला की थांबले. फ्रिजच्या तळाशी एक थेंब नाही. अठरा लिटर बिअरला पाय फुटत नाहीत.

चव बिघडायला लागलीय. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. वजनासाठी पिंप रोज उचलून काट्यावर ठेवतो, त्यानं तळाचा गाळही ढवळला जात असणार. बिघाड नेमका कधी सुरू होतो ते कळलंच पाहिजे, म्हणून सकाळचा नमुना सुरू केला. सकाळी जीभ स्वच्छ असते.

३० जानेवारी, गुरुवार

साडेनऊ. आता संशयाला जागा उरली ती माधवीचीच. दुसरी चावी विहिरीत टाकली खरी, पण टाकताना ती बघत होती. विहिरीला सध्या पाणी किती आहे? फार तर दोन पुरुष खोल. कुणाला तरी उतरवून काढली असेल.

तिला विचारलं. ती पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाली, "अहो, तेहतीस वर्षांच्या संसारात मी कधी सोडा वॉटरपण प्यायले नाही." हे खरं आहे. मग ती ओतून देत असेल. दादाला घालवल्याचा राग. जेवण ठेवून बाहेर आलो. ती मागून काहीतरी म्हणाली, ते ऐकलं नाही.

हात जरा थरथरतो. थंडीमुळे. एक पेला घेतल्यावर थांबतो, म्हणजे थंडीच.

१ फेब्रुवारी, शनिवार

सात किलो. फ्रिजसमोर क्रेटवर बसून आख्खी दुपार पहारा दिला. बारा ते सहा. कुणी आलं नाही. माधवी एकदा दारापर्यंत आली, बघून परत गेली. पहारा देताना तीन नमुने झाले, कदाचित चार. सहाला वजन केलं ते हे सात, सकाळपेक्षा लिटरभर कमी.

माझ्या डोळ्यांदेखत.



३ फेब्रुवारी, सोमवार

काल लिहिलं नाही. आज आई शेडमध्ये आली. गुडघ्यांमुळे ती कधी इतक्या लांब चालत नाही. काठी टेकत आली आणि दादाच्याच क्रेटवर बसली. मी साबणाच्या पाण्यानं पुन्हा सांधे तपासत होतो. तिनं विचारलं, सापडलं का. मी म्हटलं, सापडेल.

ती म्हणाली, "अजितला जाऊन आठ दिस झालं. किल्ली तुज्या कंबराला हाय. आता कुणाला हाकलनार हायस?"

मी म्हटलं, माधवी ओतून देते असा मला संशय आहे.

"अजित हितं बसायचा ते पिंपाकडं बघायला न्हाय बसायचा, ज्ञाना. तुज्याकडं बघायला बसायचा. मला म्हनला, आई, मी सुरवात केली तवा मीबी निस्ती चवच बघत व्हतो."

मी हातातला ब्रश बादलीत फेकला. म्हटलं, मी एकतीस वर्षं तपासणी केली आहे, नमुना आणि दारू यातला फरक मला शिकवू नका. पाव लिटरचा नमुना असतो. त्याला प्रमाण असतं. आई उठली, काठी घेतली, दारात जाऊन थांबली आणि पदरानं तोंड पुसलं. मग गेली.

ती गेल्यावर मी दाराला आतून कडी लावली आणि तिथंच बसलो. राग आला होता. राग शांत व्हावा म्हणून एक पेला भरला. अर्धा प्यायल्यावर लक्षात आलं की हा नमुना नाही. याची रंगाची नोंद नाही, फेसाची नाही. चव शिळ्या पुठ्ठ्याची, कुणीही थुंकून टाकेल अशी. तरी उरलेला अर्धा प्यायलो.

४ फेब्रुवारी, मंगळवार

इंद्रजितला फोन केला, येऊ नकोस म्हणून सांगितलं. तो हळहळला. कशानं बिघडली विचारलं. रिंग खराब होती म्हणणार होतो. तोंडून गेलं, तोटी फार वेळा सोडली गेली. कुणी सोडली, म्हणाला. मी म्हटलं, मीच. तो हसला, थट्टा समजला असेल. त्याच्या दृष्टीनं विषय संपला. फोन ठेवून मी शेडच्या पायरीवर बसून राहिलो. माझ्या तोंडून हे बाहेर पडलेलं मीच पहिल्यांदा ऐकलं.

पहिल्या तीन पिंपांची नोंद का ठेवली नाही, तेही आज कळतंय.

मग दादाला लावला. खूप वेळ वाजला. उचलल्यावर मागं केळीच्या गाड्या भरणाऱ्यांचा गलका होता. मी म्हटलं, दादा, वजन रोज लिहिलं. तो म्हणाला, "व्हय." मी म्हटलं, सहा किलो राहिलंय. पुन्हा म्हणाला, "व्हय." मला माफी मागायची होती, ती मागता आली नाही. रडू आलं म्हणून फोन तोंडापासून लांब धरला. तिकडून आवाज आला, "उद्या दुपारच्या गाडीनं येतू. माधवीला म्हनावं, भाकरी टाक."

५ फेब्रुवारी, बुधवार

दादा अडीचला आला. केळीचा एक घड खांद्यावर, जसा काही पाहुणचाराहून परत आलाय. आईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. माधवीनं वाढलं, मीही त्याच्याबरोबर जेवलो, पाच दिवसांत पहिल्यांदा पोटभर. ओसरीवर मी सगळ्यांसमोर म्हटलं, दादा, मी तुला चोर ठरवलं, चोर मी होतो. तो म्हणाला, भाजी घे अजून.

मग मी विचारलं, त्या दिवशी गप्प का बसलास, सांगायचंस की तोंडावर.

"सांगून पटलं असतं व्हय तुला? मला पहिल्यांदा तूच सांगितलंवतंस, तवा मी तुज्या अंगावर धावून आलतो. म्हनून म्हनलं, ह्येचा काट्यावर इस्वास हाय, काटाच सांगंल."

सहाला आम्ही दोघं शेडपाशी आलो. करदोट्याची चावी सोडून त्याच्या हातात दिली. त्यानं कुलूप काढलं, पिंप काट्यावर ठेवलं. साडेचार किलो. म्हणजे पाव लिटर, एक पेला. कालच्या सहा किलोंचं काय झालं ते त्यानं विचारलं नाही, मीही लिहीत नाही.

मी म्हटलं, ओतून टाकूया. आणि त्याच दमात म्हटलं, शेवटचा आहे, कशामुळे शिळी झाली ते एकदा बघून घेतो. दादानं तोटी सोडली. पेला भरून माझ्यासमोर उलट्या क्रेटवर ठेवला आणि समोर बसला.

"वत म्हन, वततू. प्यायलास तरी मी काय बोलनार न्हाय. पन मी हितनं हलत न्हाय."

मी म्हटलं, मग मी काय करू? तुझं पहिल्या दिवशी कसं झालं? तो म्हणाला, दवाखान्यात व्हतो, हात बांधल्यालं व्हतं, तुजं तसं व्हऊ दिऊ नगं. मग इकडंतिकडं बघितलं आणि खिडकीतली ही वही माझ्या मांडीवर टाकली. म्हणाला, तुला लिवायची सवय हाय, लिव्ह.

६.२०. रंग गढूळ. फेस एक बोट. पेला भरलेला.

६.३०. फेस कडेला थोडा. पेला भरलेला. दादा समोर.

६.४५. अक्षर वाकडं येतंय. फेस नाही. तोंडाला कोरड पडली आहे. दादानं पाण्याचा तांब्या दिला, पाणी प्यायलो. पेला भरलेला.

७.००. माधवी दारात येऊन उभी आहे. दादानं तिला हातानं बस म्हटलं. ती बसली. पेला भरलेला.

७.१०. दादा, आता मला जमत नाही, असं म्हणालो.

तो म्हणाला, आनखी एक वळ लिव्ह.